पुलावरच्या बाईची सावली

माझी नणंद दुसऱ्यांनी केलेले व्हिडिओ गेम एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेते. असलं काही काम असतं, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. टीव्हीखाली ठेवायचं मोठं यंत्र एका कंपनीचं, हातात धरायचं छोटं दुसरीचं, आणि दोघींचं असं वाकडं की एकीचं बोलणं दुसरीला कळू नये. भांडतात कंपन्या, मान आखडते हिची.

या वेळचा गेम एका माणसानं एकट्यानं बनवलेला. धुक्यात कंदील घेऊन पूल ओलांडणारी एक म्हातारी. मोठ्या यंत्रवाल्यांनी त्याच्यामागे लकडा लावला होता, फक्त आम्हालाच द्या. त्याला गेम सगळ्यांच्या हातात हवा होता; पण छोट्या यंत्रावर अडखळला तर तो त्यांना होकार देणार होता. दुपारी चहाच्या वेळी तो बघायला यायचा होता, आणि चित्र नेमकं पुलावरच अडखळत होतं. नणंदेची कित्येक महिन्यांची मेहनत पुलाच्या अलीकडेच अडकलेली.

तिची एक पद्धत आहे. यंत्राला झेपेना, की चित्रातलं काहीतरी काढायचं आणि मला हाक मारायची. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच.

"वहिनी, काय गेलं सांग."

"काही नाही."

"नदीच्या अर्ध्या लाटा गेल्या."

"जाऊ देत की. मला कुठे धुणं धुवायचंय तिथे?"

"आणि आता?"

म्हातारी पुलावरून सुरळीत चालली होती. तरी मला कसंतरीच झालं.

"काय गेलं ते नाही गं सांगता येत. पण ही आता एकटी वाटते."

तिनं चष्मा काढला. "सावली काढली मी. यंत्राचा सगळा जीव तीच खात होती."

"मग राहू दे. त्याला कुठे कळतंय?"

"तुला कळलं ना?"

"माझं काय, मला समोरच्यांचे पडदे बदललेलेही कळतात."

ती हसली नाही. दार लोटून बसली.

कंदील हलला की यंत्र दर वेळी सावली नव्यानं मोजत होतं. हिनं ते मोजणंच बंद केलं. सावलीची थोडी चित्रं स्वतः काढली आणि कंदिलाच्या झोक्याबरोबर एकामागून एक सरकवली. झोक्यात आणि सावलीत किंचित अंतर ठेवलं. म्हातारीची सावलीही म्हातारीच; जरा मागूनच येणार.

तो आला. पूल ओलांडला. मागे फिरून पुन्हा ओलांडला. चहावर साय धरली.

"ही सावली माझी नाही."

"नाही," नणंद म्हणाली. "तुमची या यंत्राला झेपत नव्हती."

मी चहाचा कप उगाच त्याच्याकडे सरकवला.

"माझी नुसती बरोबर होती," तो हळूच म्हणाला. "ही म्हातारीची आहे. मोठ्या यंत्रावरही हीच घालून द्याल?"

"म्हणजे गेम इथेही येतोय?"

"दोन्हीकडे. मोठ्या यंत्रवाल्यांना सांगतो, एकट्या तुम्हाला मिळायचा नाही."

"मोठ्याचं बघून कळवते," ही अगदी शांतपणे म्हणाली. "हातात दुसरीही कामं आहेत."

मग स्वयंपाकघरात येऊन तिनं नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

"कुठली गं दुसरी कामं?" मी विचारलं.

"गप्प बस, ऐकेल तो!"