अठ्ठावन्नावे पान

मी एक लघुप्रबंध आहे आणि माझ्यात एक असत्य आहे. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या गडद निळ्या बांधणीला आणि पाठीवरच्या सोनेरी अक्षरांना आपण भुलणार नाही. पाने एकशे चार, कोष्टके सात, परिशिष्टे दोन. 'तक्रार निवारणातील विलंब : एका नगरपालिका कार्यालयाचा अभ्यास' हे माझे नाव. लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर पदवीसाठी मला लिहिले गेले आणि ती पदवी मी मिळवूनही दिली.

माझी लेखिका त्या कार्यालयाच्या तक्रार कक्षात चौदा वर्षे लिपिक होती. तिच्या मागून आलेले दोघे पर्यवेक्षक झाले, कारण त्यांच्याजवळ पदव्युत्तर पदवी होती. तेव्हा वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी तिने सायंवर्गात नाव घातले. प्रारंभी तिला केवळ बढती हवी होती. पण पहिल्याच आठवड्यात ती त्या विषयाच्या प्रेमात पडली.

"अहो, आम्ही दिवसभर जे करतो ना, त्या प्रत्येकाला शास्त्रात नाव आहे," तिने नवऱ्याला सांगितले. "ज्या खुर्चीत बसून मी कंटाळते, तिच्यावर लोकांनी ग्रंथ लिहिलेत."

नवरा बस आगारात यांत्रिक. तो म्हणाला, "बसच्या खुर्चीवर कुणी लिहिलंय का बघ. आमच्याकडच्या सगळ्या फाटल्यात."

माझा जन्म त्यांच्या जेवणाच्या टेबलावर झाला. रविवारी सकाळी ती मीठ-साखरेचे डबे एका बाजूला सारी आणि मला मांडून बसे. समोर सासूबाई भाजी निवडत असत. त्यांची जीभ मोठी गमतीची.

"आधी कार्यालयात फायली, आता घरात फायली. आमचं जेवण मंजुरीला केव्हा पाठवू, सूनबाई?"

"आज टिपणाशिवाय वाढते, आई."

"नको, नंतर चौकशी लागायची."

शब्दांच्या बाबतीत माझी लेखिका फार काटेकोर. माझ्या शीर्षकात आधी 'दिरंगाई' होते. तिने ते खोडून 'विलंब' केले. दिरंगाईत दोष गृहीत धरलेला असतो, विलंब नुसता मोजता येतो, असे तिने समासात लिहून ठेवले. मला त्या वेळी तिचा अभिमान वाटला होता.

आता ती पत्रे. कार्यालयाच्या दाराशी तक्रारपेटी होती. दर शुक्रवारी ती उघडायची, प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक आणि तारीख घालायची आणि संबंधित विभागाकडे पाठवायचे, हे माझ्या लेखिकेचेच काम. क्रमांक पडेपर्यंत कार्यालयाच्या लेखी ते पत्र आलेलेच नसते. विलंब मोजायचा तोही आवक तारखेपासून. असा दंडक होता आणि मार्गदर्शक प्राध्यापकांनाही तो मान्य होता.

त्यांनी एकच ताकीद दिली होती. "आपल्याकडे कुणी पाहतंय हे कळलं की कार्यालय शहाण्यासारखं वागतं. तुमच्या नमुन्यात कोणती पत्रं आहेत, हे कुणालाही कळता कामा नये."

तिने ती ताकीद अक्षरशः पाळली. एका शुक्रवारी पेटीत एकशे वीस पत्रे निघाली. तिने दर तिसरे पत्र बाजूला काढले. अशी चाळीस झाली. त्यांच्या प्रती काढायच्या तर साहेबांना कारण लिहून द्यावे लागले असते, म्हणजे दुपारच्या चहापर्यंत साऱ्या कार्यालयाला कळले असते. म्हणून क्रमांक न घालता मूळ पत्रेच तिने घरी आणली. दोनच दिवस. भाषा, लांबी, विनंती आहे की संताप, अशी वर्गवारी करून सोमवारी परत न्यायची.

तो सोमवार आला तेव्हा वर्गवारी निम्मीही झाली नव्हती. पुढच्या सोमवारी सत्रपरीक्षा सुरू झाली. विषय होता प्रशासकीय उत्तरदायित्व. ती त्यात वर्गात पहिली आली. चाळीस पत्रे त्या काळात घरच्या फडताळात, एकाच पुठ्ठ्याच्या धारिकेत, माझ्यासोबत होती. मी त्या वेळी बत्तीस पानांचा कच्चा मसुदा होतो.

माझ्या शेवटच्या पानाला लागून एका शिंप्याचे पत्र होते. अक्षर मोठे आणि सरळ. उजव्या कोपऱ्यात तारीख. 'सार्वजनिक दवाखान्याच्या मागील जिन्याची तिसरी पायरी फुटली आहे. कड सहा इंच लांब व दोन इंच खोल गेली आहे. मी स्वतः टेपने मोजली. माझी पत्नी आठवड्यातून दोनदा तेथे जाते. तिचा एक गुडघा वाकत नाही. पुढील दारी उतरण आहे, पण ते दार दुपारी बंद असते. घमेलेभर सिमेंट पुरेल. तसदीबद्दल क्षमस्व.' इतके नेटके पत्र त्या चाळिसांत दुसरे नव्हते. तिने त्यावर पेन्सिलीने 'विनंती' असे बारीक लिहिले होते.

चोविसाव्या दिवशी, एका सोमवारी, ती सारी पत्रे घेऊन कार्यालयात गेली आणि एका बैठकीत चाळिसांवर क्रमांक घातले. तारीख अर्थात त्या सोमवारची. पत्रे विभागांकडे गेली. बांधकाम विभागाने शुक्रवारी पायरी बसवली.

त्यानंतरच्या सोमवारी शिंपी खिडकीपाशी आला. कृश माणूस, गळ्यात टेप तशीच राहिलेली. मी धारिकेत, टेबलावरच होतो.

"पायरी बसवलीत. छान बसवली आहे," तो म्हणाला. "एवढंच विचारायचं होतं बाई, माझं पत्र पोचलं कधी?"

तिने नोंदवही उघडून दाखवली. "मागच्या सोमवारी. चार दिवसांत काम झालंय, काका."

"सोमवारी?" त्याने वहीत वाकून पाहिले. "मी तर पेटीत टाकून महिना उलटला. आमची ही पडली ती तुमच्या या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी. खुब्याचं हाड मोडलं. म्हटलं, पत्र पोचलं नसेल तर आपलीच चूक. पुन्हा लिहायला हवं होतं."

माझ्या लेखिकेचा हात नोंदवहीवर होता. तो तिने उचलला नाही.

"कधी कधी एखादं पत्र पेटीच्या तळाशी अडकून राहतं," ती म्हणाली.

"असेल. कोपरा असतो ना पेटीला." त्याने मान डोलावली. "पेटीला तरी काय बोलणार?"

तो गेला. त्या दिवशी तिने मला एकदाही उघडले नाही.

वाईट याहून पुढे आहे. चार महिन्यांनी मी जवळजवळ पुरा झालो तेव्हा मार्गदर्शकांनी परिशिष्ट चाळले आणि एका ओळीवर बोट ठेवले. "दवाखान्याची पायरी, चार दिवस? अहो, हे सोनं इथं कोपऱ्यात काय टाकलंय! तत्परतेचं उदाहरण म्हणून प्रकरणात घ्या. नुसता दोषच दाखवला तर अभ्यास एकांगी वाटतो."

"सर, ते पत्र..."

"काय?"

"त्याची आकडेवारी मी पुन्हा तपासते."

"नोंदवहीत आहे ना? मग तपासायचं काय?"

नोंदवहीत होते. तिने लिहिले. माझ्या अठ्ठावन्नाव्या पानावर एक सबंध परिच्छेद त्या पायरीचा आहे. 'प्रस्तुत प्रकरणी प्रशासनाने केवळ चार दिवसांत कार्यवाही पूर्ण करून संभाव्य अपघात टाळला.' हे वाक्य लिहायला तिला एक सबंध रविवार लागला. 'टाळला' हा शब्द तिने तीनदा खोडला आणि तीनदा पुन्हा लिहिला. त्याच्याच वर तिसरे कोष्टक आहे : सरासरी विलंब, अकरा दिवस. तिचे स्वतःचे चोवीस दिवस त्या कोष्टकाच्या एकाही रकान्यात नाहीत.

मी काय करू शकत होतो? कागदाला बोलता येत नाही ही सबब मी पुष्कळ दिवस स्वतःला दिली. पण मी शाई नाकारली असती तर? एखादे पान फाटले असते, ठसा पुसट उठला असता. तसे काही झाले नाही. ते पान माझ्या सर्व पानांत सुरेख उमटले आहे.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक नेमके तेथेच थांबले. "हे उदाहरण मला फार आवडलं. विलंब कधीपासून मोजावा, असं तुमचं मत आहे?"

ती पाणी प्यायली. "आवक तारखेपासून, सर. दुसरा कोणताही आधार सिद्ध करता येत नाही."

"उत्तम."

तिला प्रथम श्रेणी मिळाली. माझ्या तीन प्रती झाल्या. एक मार्गदर्शकांकडे, एक विभागाच्या ग्रंथालयात, एक घरी. बढतीच्या यादीत तिचे नाव लागले. आगारातून नवरा पेढ्यांच्या ऐवजी यंत्रांच्या तेलाने माखलेल्या सहा मित्रांना घेऊन आला आणि त्या सहांनी मला हात पुसून हाती धरले.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दोन वर्षं या टेबलावर जागा अडवलीस. आता एखादं पान वाचून तरी दाखव."

तिने प्रस्तावना उघडली.

"ते नको गं. आभार मानलेस ते कळलं. परीक्षकांनी कौतुक केलं म्हणालीस, ते वाच."

तिने वाचले. पायरी, गुडघा, चार दिवस, टाळला. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"चांगलं काम केलंस हो," त्या म्हणाल्या. "माझ्याएवढीच असेल ती बाई. पडली असती तर संपलंच होतं. या वयात माणूस पडलं की पुन्हा पहिल्यासारखं उठत नाही."

माझी लेखिका मला टेबलावर ठेवून आत गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. सासूबाई दोनदा म्हणाल्या, "अगं, पाणी वाया जातंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बगलेत मला धरून, ती शिंप्याच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. त्याची बायको आधाराची काठी शेजारी टेकवून खुर्चीत बसली होती आणि बटणे निवडत होती. माझ्या लेखिकेने बसायचे नाकारले. उभ्यानेच सारे सांगितले : फडताळ, परीक्षा, चोवीस दिवस, पेटीच्या तळाचे खोटे. मग अठ्ठावन्नावे पान उघडून त्याच्यापुढे धरले.

त्याने चष्मा लावून ते सावकाश वाचले. यंत्राचे चाक हाताने थांबवून धरले होते.

"माझ्या पत्रावर तारीख होती ना?" त्याने विचारले.

"होती."

"मग?"

या 'मग'ला माझ्या एकशे चार पानांत उत्तर नाही. संदर्भसूचीत सत्तावन्न ग्रंथ आहेत, त्यांतही नसावे.

"बसा तरी," त्याची बायको म्हणाली. "उभ्या राहून काय कमी होणार आहे?" आणि थोड्या वेळाने, "मी घाईघाईत उतरत होते, तेही खरं. पण पायरी धड असती तर घाई चालली असती."

"मी कार्यालयात लिहून देणार आहे," माझी लेखिका म्हणाली. "सगळं."

"द्या," शिंपी म्हणाला. त्याने मला मिटून तिच्या हाती परत दिले. "आणि त्याच्यावर लगेच क्रमांक घालून घ्या."

तिने लिहून दिले. स्वतःच्या अर्जावर स्वतःच आवक क्रमांक घातला, साहेबांच्या समोर. चौकशी झाली, बढती थांबली, तिची बदली अभिलेख कक्षात झाली. साहेब तिला एवढेच म्हणाले, "बाई, कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" तिने उत्तर दिले, "विचारलं होतं, साहेब. खिडकीवर येऊन विचारलं होतं." घरी सासूबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "ती बाई चालते का आता?" तिने सांगितले, "काठीने." त्यावर त्या म्हणाल्या, "मला घेऊन चल एकदा." त्या दोघी गेल्या. तेथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मला नेले नव्हते.

मला दुरुस्त करणे मात्र तिच्या हाती उरले नाही. शुद्धिपत्र जोडण्यासाठी तिने विभागाला अर्ज केला. मार्गदर्शक म्हणाले, "पदवी मिळाली, आता कशाला उकरून काढता? माझंही नाव आहे त्यावर." विभागाने कळवले की स्वीकृत प्रबंधात बदल करण्याचा नियम नाही, तो करायचा की नाही हे समिती ठरवील. समितीची बैठक व्हायची आहे. त्याला आता एक वर्ष आणि दोन महिने झाले. घरच्या प्रतीत तिने अठ्ठावन्नाव्या पानावर खरी हकीकत स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे. पण घरची प्रत कोण वाचतो?

ही कैफियत मी ग्रंथालयातल्या प्रतीतून सांगतो आहे. येथे माझे पान स्वच्छ आहे. कालच एक विद्यार्थिनी आली होती. तिच्याही प्रबंधाचा विषय तक्रार निवारण. तिने मला खिडकीजवळच्या मेजावर नेले, हळुवार उघडले आणि माझे अठ्ठावन्नावे पान वहीत उतरवून घेतले. 'चार दिवसांत' या शब्दांखाली तिने पट्टी धरून रेघ ओढली. अक्षर तिचेही नेटके आहे. मला वाटले, निदान माझी शिवण उसवावी, ते पान गळून तिच्या पायाशी पडावे. पण बांधणाऱ्याने मला फार मजबूत बांधले आहे.

तिच्यानंतर जे येतील, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या पानाशी आलात तर क्षणभर थांबा. पायरी चार दिवसांत बसली, हे खरे आहे. त्या बाई त्याच्या आधीच पडल्या होत्या. त्यांचे पत्र तेव्हा माझ्याजवळ होते.