एक जास्तीचा प्रश्न

सीमेपलीकडे जायचे परवाने देणाऱ्या कचेरीतल्या बाईंना एक वाईट खोड होती. काम संपलं तरी त्यांची चौकशी संपायची नाही. नवरा घरी हात जोडायचा, "अगं, माझी तरी उलटतपासणी नको!" पण खोड ती, अशी जाते होय?

त्या दिवशी समोर एक म्हातारा शिक्केवाला बसला होता. रबरी शिक्के कोरण्यात हयात गेलेली, नखांत शाई. तुरुंगात जाऊन आलेला, म्हणून त्याचा अर्ज खिडकीवरून थेट बाईंच्या खोलीत आला. पलीकडे त्याची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला एकदा डोळे भरून बघायचं, एवढंच त्याचं मागणं.

"गुन्हा कसला केलात?"

"तुमचाच शिक्का केला होता. खोटा."

बाईंना हसू आवरेना. "मग सापडलात कसे?"

"तुमच्या शिक्क्याची कड एका जागी उडालेली होती. मी मेल्यानं अख्खी कोरली! हुबेहूब करायचं तर तुटकीच कोरायला हवी, पण हात धजावला नाही बघा. तुटकं काम दुकानातून द्यायचं कसं? कागद चालून गेला, माणूस पार झाला. मागाहून कुणाच्या तरी लक्षात आलं, ही कड शाबूत कशी? गावात इतकं सफाईचं काम करणारा मी एकटा. आले सरळ दुकानात."

"आणि तो पार झालेला माणूस?"

"नाही सापडला. मला चांगलं सोलून काढलं हो, पण मी नाव घेतलं नाही."

बाईंचं मन केव्हाच वळलं होतं. शिक्षा भोगून झाली, नंतर कसली तक्रार नाही, म्हाताऱ्याला अडवायचं कशाला? त्यांनी पेनाचं टोपण काढलं. करून टाकायची ना मुकाट्यानं सही! पण नाही.

"तुमच्या ताई तिकडे कधी गेल्या हो?" त्यांनी विचारलं. देवाशपथ, सहज विचारलं.

शिक्केवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. "झाली बरीच वर्षं."

"नवऱ्याबरोबर?"

"छे, त्याच्याच माराला कंटाळून तर..." म्हातारा म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

पार झालेला माणूस कोण, ते बाईंना कळलं. त्यांना कळलं हे त्यालाही कळलं. बाईंनी घाईघाईनं पेन कागदाला टेकवलं. "मी काही विचारलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. जा, भेटून या."

म्हाताऱ्यानं झटकन अर्ज ओढून घेतला आणि टराटरा फाडला.

"नको बाई. आज तुम्ही आहात. उद्या तिचा पत्ता लिहिलेला हा कागद दुसऱ्याच्या हाती पडला, तर तोही असंच विचारेल. तिला अंथरुणातून उचलून नेतील हो."

बाईंना स्वतःचा असा राग आला, की काही विचारू नका. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ताईंना आता काय सांगाल?"

"सांगेन, कचेरीतली बाई खडूस निघाली, नाहीच म्हणाली." तुकडे खिशात कोंबत तो उठला. "तोंडाची फटकळ आहे ती. शिव्या घालेल तुम्हाला. चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या. "पोटभर घालू दे."