बाबागाडीशेजारचं टेबल

सकाळी दहाच्या सुमारास क्लेम ह्रेस्कोने क्यूची, म्हणजे पूल खेळायच्या काठीची, आपली कातडी पेटी उघडली, की क्लबच्या तळघरातली म्हातारी मंडळी खुर्च्या ओढत त्याच्या टेबलाकडे वळून बसायची. जणू बिशपच प्रवचनाला उभा राहिलाय. कोपऱ्यातल्या टेबलावर खेळणाऱ्या ऑड्राला राग यायचा तो आधी त्या खुर्च्यांच्या खरखरीचा, आणि मग क्लेमचा.

क्लेमचा थाट काय विचारता! डाव्या हातात तीन बोटांचा काळा हातमोजा, चित्रीकरणासाठी फोन तिकाटण्यावर लावलेला, आणि टेबलाच्या हिरव्या कापडावर चिकटवलेल्या दोन पांढऱ्या चकत्या. स्ट्रेट पूलमध्ये पंधरापैकी चौदा बॉल संपले की ते पुन्हा त्रिकोणात रचतात, आणि उरलेला एकटा बॉल भोकात घालता घालता पांढऱ्या बॉलने तो त्रिकोण फोडायचा असतो, हाच ब्रेक. फुटला तर पुढे खेळा, नाही तर खुर्ची गाठा. क्लेम तो एकटा बॉल एका चकतीवर ठेवायचा, पांढरा दुसरीवर, दीर्घ श्वास सोडायचा आणि धाडकन मारायचा. चौदाच्या चौदा बॉल टेबलभर उधळायचे. म्हातारे ‘ओहो’ करायचे. मग क्लेम काय करायचा? सगळे बॉल गोळा करून पुन्हा रचायचा. त्या उधळलेल्यांपैकी एक तरी त्याने भोकात घातलेला ऑड्राने कधी पाहिला नव्हता.

“रोज हॉल सजवतो, लग्न काही लावत नाही,” ती गल्ल्यावर बसलेल्या बाबांना, ऑल्बिनला, म्हणाली.

“हळू बोल. सभासद आहे तो.”

“मी चिकटवल्या असत्या चकत्या कापडाला तर?”

“तुझ्या मी नखांनी खरवडल्या असत्या,” ऑल्बिन म्हणाला. “तू माझी मुलगी आहेस. वर्गणी कुठे भरतेस?”

मार्चमध्ये हॅरिसबर्गला राज्याची स्पर्धा होती आणि शेनान्डोआच्या या क्लबातून एकालाच पाठवायचं होतं. रविवारी प्रार्थना आटोपली की ऑड्रा आणि क्लेमचा सामना, आधी पंच्याहत्तर बॉल घालेल तो जाणार. शाळेत असल्यापासून ऑड्राला तिथे जायचं होतं. गेल्या वर्षी तिचं पोट एवढं पुढे आलं होतं की टेबलावर वाकणंच होईना, म्हणून क्लेम गेला. पहिल्याच फेरीत हरून आला आणि तिथले दिवे कसे चुकीच्या उंचीवर टांगलेत, हे ईस्टरपर्यंत सांगत बसला.

आता ते पोट बाबागाडीत झोपलेलं असायचं. नाव नेटी. ऑड्राचा नवरा रॉय महामार्गालगतच्या गोदामात रात्रपाळी करायचा आणि सकाळी झोपायचा. घराच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या पातळ. म्हणून नेटीला घेऊन ऑड्रा क्लबात यायची आणि भट्टीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलाशेजारी बाबागाडी लावायची. म्हाताऱ्यांची कुजबुज, बॉलांची टकटक, कशाने नेटीची झोप मोडायची नाही. त्रिकोण धाडकन फुटला की मात्र दोन्ही हात हवेत उडायचे, खालचा ओठ थरथरायचा आणि असा टाहो फुटायचा की वरच्या बारमधले ग्लास थांबायचे.

म्हणून ऑड्रा हळूच फोडायची. दोन-तीन बॉल जेमतेम सुटे व्हायचे. तांदळातले खडे वेचावेत तसे ती कडेकडेने एकेक बॉल वेचायची. मधूनच वाकून पाहायची. झोपेत नेटीची जीभ दूध चोखल्यासारखी हलायची, आणि ऑड्राच्या हातातला क्यू तिथेच थांबायचा.

“पोरी, त्रिकोण फोडतेस की थोपटतेस?” क्लेम पलीकडून ओरडायचा. म्हातारे खिदळायचे.

“तुमचे फोडलेले बॉल कोण घालतं, क्लेम? झाडूवाला?”

बोलायला ती कमी नव्हती. पण तिला भीती होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. मनगट जोर विसरलं असेल तर? बाबा म्हणालेही, “दे नेटीला, वर घेऊन बसतो. तासभर मनासारखी धडाधड मार.” तर ती म्हणाली, “झोपलीय हो. कशाला उचलताय?” दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी विचारलंच नाही.

रविवारी क्लेम इस्त्रीची वास्कट घालून आला. चकत्या आदल्या दिवशी ऑल्बिनने खरवडून काढल्या होत्या, आणि त्यांच्यावाचून क्लेम चष्मा हरवलेल्या माणसासारखा दिसत होता. नेम त्याचा वाईट नव्हता, ते ऑड्राही नाकारत नव्हती. पण पाच-सहा बॉल उरले की गडी बिथरायचा. त्रिकोणाच्या डाव्या बाजूला ब्रेकसाठी छान बॉल आयता पडलेला असायचा, आणि हे महाशय उजवीकडचा दुसराच बॉल ढकलत ढकलत आपल्या लाडक्या जागेवर न्यायला बघायचे. चकती गेली तरी जागा डोक्यात चिकटलेली. ढकलताना पांढरा भलतीकडे जायचा, फटका चुकायचा, आणि क्लेम छताकडे बघायचा. आता इथलेही दिवे चुकले असणार!

ऑड्राचंही फार चांगलं चाललं नव्हतं. दोनदा तिचा हळुवार ब्रेक जमला. तिसऱ्यांदा त्रिकोण नुसता कुशीवर वळला. एकही बॉल निघेना. बचावाचा फटका मारून ती खुर्चीत बसली.

“थोपटलंस ना शेवटी?” क्लेम गोड हसला.

तो बहात्तरपर्यंत पोचला. तीनच हवे होते. तेवढ्यात त्याने पुन्हा एक बॉल लाडाने ढकलला, आणि पुन्हा चुकला. ऑड्राने टेबलावरचे चार बॉल घातले, पाचवा उरला. नवा त्रिकोण रचला गेला. तिला अजून बारा हवे होते. हळू फोडून बारा मिळणार नव्हते, हे सगळ्या तळघराला दिसत होतं.

आणि नेटी नुकतीच आजोबांच्या खांद्यावर झोपली होती. तिला वर न्यायला ऑल्बिन उठू पाहत होता, पण खेळाडू वाकला की कुणी हलायचं नाही, हा क्लबचा नियम त्यानेच घालून दिलेला. ऑड्रा वाकलेली. तो तसाच अर्धवट टेकून राहिला आणि त्याने नातीच्या कानावर आपला राकट पंजा ठेवला.

ऑड्राने मारलं.

बॉल भोकात गेला आणि त्रिकोण असा फुटला की क्लेमचा एकही फोनमधला ब्रेक इतका वाजला नसेल. मग टाहो.

“घे, घे तिला,” क्लेम हात पसरून म्हणाला. “मी थांबतो. मला कसली घाई?” लेकराला शांत करून परतलेला हात पहिल्यासारखा राहत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. इतका दयाळू तो आयुष्यात कधी झाला नव्हता.

ऑड्राने क्यूच्या टोकाला खडू लावला. “रडू दे.”

“आई आहे की कोण!” पायऱ्यांवरून कुणी बाई पुटपुटली.

पान्हा फुटला. ब्लाऊजवर दोन ओले डाग उमटले आणि समोरच्या रांगेतले म्हातारे एकदम बुटांकडे बघू लागले. ऑड्रा तशीच वाकली. निळा बॉल घातला. मग पट्ट्याचा. मग कडेचा अवघड, जो एरवी तिने दोनदा निरखला असता. टाहो कानात शिरत होता, छातीत शिरत होता, फक्त हातापर्यंत येत नव्हता.

शेवटचा बॉल पडला तेव्हा टाळ्या वाजल्या. क्लेम पेटी आवरत होता.

“एवढा जोर होता, तर आजवर लपवलास कशाला?”

“ती झोपलेली असायची,” ऑड्रा म्हणाली.

ती वळली आणि तिच्या लक्षात आलं, रडणं थांबलंय. केव्हा थांबलं? तिने आठवून पाहिलं, आठवेना. नेटी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या कोटाचं बटण चघळत होती, गाल ओले, पापण्या चिकटलेल्या.

“ये गं माझ्याकडे,” ऑड्राने हात पुढे केले. हाताला निळा खडू.

नेटीने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि पुन्हा बटणाला तोंड लावलं.

“दमलीय,” ऑल्बिन घाईने म्हणाला. “घेईल गं. उभी राहा जरा.”

हॅरिसबर्गला जाणारी बाई ओल्या ब्लाऊजने, हात पसरून, उभी राहिली.