गंगेला पाणी आल्याचं सांगणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. गंगाखेडच्या एका ऑटोच्या टपावर मला तारेनं आवळून बांधलेलं आहे. माझं तोंड परातीएवढं, त्यामुळे लोकांना वाटतं, हा मोठा धीट असणार. पण मित्रांनो, खरं सांगतो, माझ्याइतका भित्रा जीव या गावात दुसरा सापडायचा नाही. एकदा आवाज बाहेर पडला की तो माझ्या ताब्यात राहत नाही. तो कोणाच्या कानावर गेला, पुरता गेला की अर्धाच, अर्धा ऐकून कोणी भलताच अर्थ तर लावला नाही ना, मला काहीच कळत नाही. ऑटो पुढे निघून जातो आणि मी आपला काळजी करत राहतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पत्रा दाबून, वळवून मला घडवलं एवढं खरं. मग नांदेडच्या एका दुकानात मी बरेच दिवस आकड्याला लटकत होतो. तिथून गंगाखेडात दवंडी देणाऱ्या बसवंतरावांनी मला घेतलं आणि रेल्वेत सगळ्या वाटेनं मांडीवर धरून आणलं. डब्यातल्या एका बाईनं विचारलं, "कापडात काय हाय ओ, लेकरू का काय?"

"लेकरूच म्हना की," बसवंतराव म्हणाले. "रडंल तवा साऱ्या गावाला ऐकू जाईल."

घरी त्यांच्या बायकोनं, रुद्राणीबाईंनी, मला ओवाळलं आणि माझ्या पाठीवर विभूतीची तीन बोटं ओढली. त्या दिवसापासून मी त्या घरचा झालो. आधी सायकलवर, मग हातगाड्यावर आणि आता त्यांच्या मुलाच्या, मंगेशच्या ऑटोवर बसून मी या गावाच्या गल्ल्या तुडवल्या.

मित्रांनो, आमच्या गावाला समुद्र नाही, पण काठ आहे. गोदावरीला इथे कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. उन्हाळ्यात गंगा आटते आणि पात्रात वाळूच वाळू पसरते. संध्याकाळी तिथे भेळीचे गाडे लागतात, पोरं वाळूत किल्ले करतात, टरबुजांचे ढीग पडतात. सारं गाव त्या काठाला पाठ टेकून बसलेलं आहे. घाटावर फुलवाल्या, नारळवाले आणि न्हावी. दूरदूरचे लोक इथे आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन येतात, तेव्हा न्हाव्यांच्या हाताला उसंत नसते. घाट चढून आलं की कासार गल्ली. तिथे दिवसभर बांगड्यांची किणकिण आणि "आगं, हात सैल सोड की" एवढंच ऐकू येतं. तिच्या पलीकडे अत्तार गल्ली, मग सराफा, आणि शेवटी मोंढा, जिथे सोयाबीन, कापूस आणि हमालांच्या आरोळ्या यांची गर्दी. स्टेशनकडच्या बाजूला मुंजाजीचं हॉटेल आहे. कारखान्याकडे निघालेले ऊसवाले तिथे ट्रॅक्टर उभे करून चहा पितात आणि साऱ्या मुलखाच्या बातम्या तिथे सांडून जातात.

प्रत्येक गल्लीत बोलण्याची रीत वेगळी. ती बसवंतरावांनी मला शिकवली. मोंढ्यात ते जोरात आणि तुटक बोलायचे, कारण पाठीवर पोतं असलेला माणूस लांबलचक ऐकत नाही. सराफ्यात आवाज खाली, कारण तिथे लोक काटा बघत असतात. अत्तार गल्लीत शिरलं की त्यांची जीभ आपोआप वळायची, "सुनो भाईजान, जरा इधर ध्यान देव!" कासार गल्लीत मात्र ते एकच गोष्ट दोनदा सांगत. पहिल्यांदा बायका आपसात बोलत असतात, दुसऱ्यांदा ऐकतात, असं त्यांचं म्हणणं. कोणी वारलं तर गाडी बंद करून, टोपी काढून ते नाव घेत. मग दुकानदार शटर अर्ध्यावर ओढत आणि थोडा वेळ गल्ली गप्प होई. नव्या दुकानाचं उद्घाटन, साड्यांचा सेल, हरवलेली शेळी, सापडलेलं पैंजण, सारं काही माझ्या तोंडून गेलं. लोक म्हणायचे, "भोंगा वरडला म्हंजी खरंच हाय." ते ऐकून मला बरं वाटायचं, आणि लगेच धाकही वाटायचा. खरंच निघालं नाही तर?

मग मोबाईल आले. दुकानदार फोटो काढून ग्रुपवर टाकू लागले. कोणी छोटा डबा आणला, त्यात एका बाईचा गोड आवाज भरून ठेवलेला. तो डबा मोंढ्यातही तेच बोलतो आणि सराफ्यातही तेच. मला महिना महिना कोणी हात लावेना. माझ्या आत चिमणीनं काड्या आणून टाकल्या. एके दिवशी मंगेश म्हणाला, "अप्पा, आता कोन ऐकायलंय भोंगा? भंगारात देऊन टाकू."

बसवंतरावांनी काड्या काढून मला ओल्या फडक्यानं पुसलं. पण त्यांचा आवाजही आता चिरका झाला होता, आणि ते मलाच आधी कळत होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. आजही आठवलं तरी माझा पत्रा थरथरतो.

यंदा श्रावण कोरडा गेला. गंगेत गुडघाभर पाणी नव्हतं. घाटावरच्या बायका रोज सकाळी वर बघायच्या आणि सुस्कारा टाकायच्या. आमच्याकडे रीत आहे, वर्षाचं नवं पाणी आलं की गंगामाईची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड घेऊन बायका खालच्या पायरीवर जातात. गंगा म्हणजे घरी आलेली लेक. तिला रिकामी कशी पाठवायची? आणि नवं पाणी आलं हे साऱ्या गावाला कोण सांगायचं? मीच. दरवर्षी बसवंतराव माझ्यातून आनंदानं ओरडत, "गंगेला पाणी आलं हो!"

भाद्रपदातल्या त्या दुपारी तहसीलमधून निरोप आला. वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत, पाणी झपाट्यानं येतंय, काठावर कोणी जाऊ नका, असं गावभर सांगा. ग्रुपवर तो मजकूर आधीच फिरला होता. पण फुलवाल्या कडूबाईकडे कुठला आलाय ग्रुप? म्हणून मला बाहेर काढलं. मंगेशनं ऑटो काढला, बसवंतरावांनी माईक हातात घेतला आणि कासार गल्लीच्या तोंडाशी येताच म्हणाले, "गंगेला पाणी आलं हो!" इतक्या वर्षांची जिभेची सवय, दुसरं काय! पुढे लगेच ते म्हणाले, "धरणाचं पाणी सोडलंय, काठाला कुनीबी जाऊ नका." पण तोवर ऑटो वळला होता आणि पहिलं वाक्य घराघरात शिरलं होतं.

मित्रांनो, लोकांनी फक्त तेवढंच ऐकलं. दारं उघडली. बायका आत धावल्या, तांदूळ काढले, पेटीतले खण काढले. महिनाभर वाट बघितलेलं पाणी आलं होतं ना! आम्ही मोंढ्यातून फेरी मारून परत घाटाच्या माथ्यावर आलो, तेव्हा खालच्या पायऱ्या रंगीबेरंगी लुगड्यांनी भरून गेल्या होत्या. समोर पाणी तांबडंलाल, फेसाळलेलं, पायरी पायरी वर चढत होतं. जे सावध करायला मी ओरडलो, त्यानंच साऱ्यांना खाली नेलं होतं. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता तार तुटावी आणि मी खाली पडावं.

"अप्पा, माय हाय तिथं!" मंगेश ओरडला.

खरंच रुद्राणीबाई खालच्या पायरीवर होत्या. कडूबाईच्या दुकानापाशी. हातात नारळ.

बसवंतरावांनी माझं तोंड नदीकडे फिरवलं. "मायबहिनींनो, वर या! पानी लय वाढायलंय!"

"आलो आलो, ओटी भरून आलो!" खालून कोणीतरी उत्तर दिलं. गंगेसाठी काढलेली ओटी न भरता परत न्यायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. एक शिपाई शिट्टी फुंकून दमला. काही पोरं मोबाईलवर पाण्याचं चित्रण करत होती. बसवंतराव पुन्हा ओरडले. आवाज चिरकला. माझ्या आत घरघर सुरू झाली, बॅटरी उतरत होती की त्यांचा घसा, मला समजेना. मला एवढंच कळत होतं की घाबरवून या बायका हलणार नाहीत. गंगेला त्या भीत नव्हत्याच. लेकीला कोण भितं?

मग बसवंतराव अगदी शांत, कासार गल्लीत बोलायचे तसं, दोनदा बोलले.

"बायांनो, एक सांगा. लेक माहेरी यायली तर तिची ओटी कुठं भरता? वाटंत? का दारात?"

खाली जरा चुळबुळ झाली.

"माय आज आपल्या दारी यायलीय. तिला वाटंत कशाला आडवताव? उंबऱ्यापशी चला. वर देवळाच्या पायरीशी पाट मांडा. तिथं येऊ द्या तिला. वाटंत ओटी भरत न्हाईत, बायांनो, वाटंत भरत न्हाईत."

एका म्हातारीनं मान हलवली. "बरुबर हाय की ओ. वाटंत कोन भरतंय?" ती वळली. तिच्यामागे तिची सून वळली. मग साऱ्या पायऱ्या वळल्या. पदर, ताटं, लेकरं सावरत बायका वर चढू लागल्या, आणि त्यांच्या मागून पाणी चढू लागलं.

पण रुद्राणीबाई वर आल्या नाहीत. कडूबाई आपल्या फुलांची पेटी सोडायला तयार नव्हती. दोन्ही हातांनी पेटी धरून ती बसली होती आणि रुद्राणीबाई तिचा दंड ओढत होत्या. पाणी दोघींच्या पोटऱ्यांना लागलं. मंगेश खाली धावला, पण वर येणाऱ्या गर्दीत अडकला. बसवंतराव ओरडले, "मंगेशची माय, ए मंगेशची माय!" पाण्याचा आवाज एवढा मोठा झाला होता की काही ऐकू जाईना. रुद्राणीबाईंनी मान वर केली नाही.

आमच्या बसवंतरावांच्या पिढीत बायकोचं नाव चारचौघांत घेत नाहीत. घरातसुद्धा मी त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी माईक ओठांना लावला.

"रुद्राणी!"

साऱ्या घाटानं ते ऐकलं. देवळाच्या पायरीवर पोचलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. "रुद्राणी, पेटी सोड! कडूबाईचा हात धर आन् वर ये! रुद्राणी!"

गर्दीला मारलेली हाक कोणाचीच नसते. स्वतःचं नाव मात्र माणूस पुरातसुद्धा ओळखतो. रुद्राणीबाईंनी झटकन वर बघितलं. काय दिसलं कोणास ठाऊक, पण त्यांनी पेटीला लाथ मारली. पेटी पाण्यात गेली, झेंडू लाटेवर पसरले आणि कडूबाई रडत, शिव्या देत त्यांच्या मागे चढू लागली. मंगेशनं मधेच दोघींना धरलं. ते वर पोचले आणि आम्ही मागे बघितलं, तर कडूबाईची पायरी दिसेनाशी झाली होती.

त्या दिवशी कोणी गेलं नाही. घाटावरची दुकानं गेली, न्हाव्यांच्या खुर्च्या गेल्या आणि कासार गल्लीच्या शेवटच्या घरात पाणी शिरलं. त्या घरातल्या बायकांनी उंबऱ्यावरच ओटी भरली. संध्याकाळी बसवंतराव ऑटोत मान खाली घालून बसले होते. "देवीच्या नावानं मी आपल्या मनचं सांगितलं," ते कुजबुजले. "माय रागावंल का गं?"

"मनचं कुठलं? आलीच की ती दारात," रुद्राणीबाई म्हणाल्या. मग जरा लाजून, जरा रागानं पुढे म्हणाल्या, "आन् साऱ्या गावापुढं नाव घेतलंत माझं. आता मला कोन काय म्हनंल?"

बसवंतराव हसले, पण त्या हसण्याचा आवाज आला नाही. घसा बसला होता. तो अजून नीट सुटलेला नाही.

मंगेशनं मला भंगारात दिलं नाही. कडूबाईला गल्लीतल्या बायकांनी नवी पेटी करून दिली, आणि ती आता वरच्या पायरीवर बसते. तरीही मित्रांनो, माझी काळजी काही सुटत नाही. ढग आले की मी दचकतो. पुढच्या वर्षी पाणी येईल, तेव्हा बसवंतरावांचा आवाज असेल का? माझ्यातून कोण बोलेल? तो गोड आवाजाचा डबा बोलेल, पण त्याला कोणाचं नाव माहीत नाही.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी करतो. मला पुसा, तेल द्या, मोडीत काढू नका, हे तर मी मागणारच, म्हाताऱ्या वस्तूला तेवढा हट्ट शोभतो. पण मी नसलो तरी चालेल. पाणी यायला लागलं, की फोन बघत उभे राहू नका. आधी आठवा, आपलं कोण खाली राहिलंय. मग छाती भरून श्वास घ्या, आणि त्या माणसाला त्याच्या नावानं हाक मारा.