बंदुकीवरचं गावठी कुत्रं

दिघाशीत केसरीनाथची दुनळी बंदूक न पाहिलेला माणूस सापडायचा नाही, कारण केसरीनाथ कुणाला सुटू द्यायचाच नाही. आल्यागेल्याला धरून बसवायचा, परवान्यासकट बंदूक पुढे ठेवायचा आणि सांगायचा, आजोबांच्या वेळची अस्सल विलायती, नक्षीला कुणाचा हात लागलेला नाही.

यंदा ठाण्यात जुन्या बंदुकांचं प्रदर्शन होतं. मूळची नक्षी आणि मूळची झिलई असलेल्याच बंदुका घेणार होते, आणि पारख करणार होती त्याचीच लेक, नेत्रा. मग काय विचारता! ती आली तेव्हा त्याने अर्धी आळी ओटीवर जमवून ठेवली होती.

नेत्राने भिंग लावलं. उजवीकडे उडते पक्षी आणि लांब कानांचा शिकारी कुत्रा, खाचांच्या तळाशी जुना काळसर रंग. तिने मान डोलावली. मग बंदूक उलटी केली आणि भिंग आणखी जवळ नेलं.

"बाबा, ही बाजू मूळची न्हाय."

चारचौघांत लेकीनेच नाक कापलं. केसरीनाथने तिला पुन्हा बघायला लावलं, पण ती हटली नाही. दसऱ्याच्या पूजेआधी घरातले सगळे बंदूक हंड्याकळशांसारखी चिंच-राखेने घासायचे, पाटावर वर येणारी हीच बाजू चकचकीत करायचे. त्यात रंग गेला, नक्षी पुसली आणि कुणीतरी ती नव्याने काढली, असं तिने सांगितलं. विलायती कारागीर रेघ कोरतो, इथे टिंबं ठोकली होती.

ती आतून पाण्याचा हंडा घेऊन आली. त्यावर आजीचं नाव होतं, गुणाबाई, तशाच टिंबांचं. केसरीनाथचा बाप राघो अंबाडीच्या बाजारात भांड्यांवर नावं घालायचा.

केसरीनाथने भिंग घेतलं. डावीकडच्या कुत्र्याची शेपटी वळलेली होती आणि एक कान तुटका. बापाच्या दुकानाखाली झोपायचा तो मोत्या. इतकी वर्षं मिरवली, पण बंदूक त्याने नीट पाहिलीच नव्हती.

प्रदर्शनात घेता येणार नाही, नेत्रा हळूच म्हणाली.

"नको घेव," तो म्हणाला आणि ओटीकडे वळला. "बघा रं, ह्यो माझ्या बापाचा हात हाय. आन् त्यो वळखला माझ्या लेकीनं."

आता तो बंदूक डावी बाजू वर करून दाखवतो. चिंच-राख मात्र जवळ येऊ देत नाही.