तंबाखूची बशी

दचकू नका, खिडकीच्या कट्ट्यावरून मी बोलतेय. मी एक बशी. पांढरी, काठाला निळी रेघ असलेली. माझा कप पाहुण्यांच्या गडबडीत फुटला, आणि कप फुटला की बशीला घरात कोणी विचारत नाही. टाकवत नाही म्हणून ठेवतात, एवढंच.

मला मात्र काम मिळालं, तेही चारचौघींना न मिळणारं. माझ्यावर तंबाखू वाळायची.

आमचं घर जळगाव जामोदला. घरधनी भालचंद्रकाका पाटबंधारे खात्यात होते. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांनी जाताना आपला जुना पाइप त्यांच्या हातात ठेवला, आणि काकांना तो नाद लागला. गावात बिडी ओढणारे पुष्कळ, सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारे त्याहून जास्त, पण पाइप म्हणजे आमच्या गल्लीत कौतुकाचीच गोष्ट. काकांना त्यावरून लोक खूप चिडवत. काका मिशीत हसत आणि दुपारचं जेवण झालं की एकदाच ओढत.

ही तंबाखू पाकिटात ओलसर असते, पाकात घोळून काढल्यासारखी. तशीच पेटवली तर फुसफुसते, विझते, जीभ पोळते. म्हणून ती आधी माझ्यावर पातळ पसरायची आणि वाट पाहायची. वैशाखात पान खाऊन होईपर्यंत ती वाळे, जरा दुर्लक्ष झालं की चुरा. श्रावणात मात्र दुपार सरली तरी ढिम्म हलत नसे.

वाळली की नाही ते काका डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ठरवत. चिमूट घेऊन दाबायची आणि सोडायची. गोळा तसाच राहिला तर ओली. करकरली तर कामातून गेली. हळूहळू आपसूक उलगडली तर पाइप भरायला घ्यायचा. माझ्या अंगावरच ती पसरलेली असल्याने मला हे त्यांच्या आधी कळे. ओली असली की मला चिकटून गार बसते, वाळली की नुसतं कलंडलं तरी सरकते. पण बशीला विचारतो कोण?

एकदा धुण्याभांड्याला येणाऱ्या कोकिळाबाईंनी माझ्यावरची चिमूट उचलली, चुना लावून मळली आणि ओठात धरली. दुसऱ्या क्षणी त्या मोरीकडे धावल्या.

"काकू, हे तंबाखू व्हय का शिरा? गुळात बुडवून काऊन ठेवली म्हणतो मी?"

शरयूकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. बरे दिवस होते ते.

दिवाळी झाली आणि एका सकाळी चहा पिता पिता काकांचं तोंड वाकडं झालं. उजवा हात खाली लोंबला. शेजाऱ्यांनी गाडीत घालून अकोल्याला नेलं. ते परत आले तेव्हा चालत आले, बोलत आले, पण डॉक्टरांनी ताकीद दिली होती की तंबाखू आता कायमची बंद. काकूंनी पाइप कपाटात टाकला. मी मोरीत गेले, साबणाची वडी सांभाळायला. फेस अंगावर वाळून पांढरा थर चढला. माझी ही अवस्था मला फार लागली, खोटं कशाला बोलू.

पण मोरीतूनही घरातलं ऐकू येई, उघड्या दारातून दिसेही. काकांचा हात हलू लागला होता, मूठ वळत होती, पण बोटांना काही कळत नव्हतं. एकदा ओट्यावर गुळाभोवती मुंगळे झाले होते. एक मुंगळा काकांच्या अंगठ्याला चावून लोंबत होता आणि काका पेपर वाचत होते. काकूंनी तो ओढून काढला, रक्त आलं, तरी काकांनी आधी पान उलटलं. त्या दिवशी काकू मोरीत येऊन नळ सोडून रडल्या. मी तिथेच होते.

व्यायाम करून घ्यायला दीपक नावाचा मुलगा यायचा. काकांचे डोळे मिटवून तो हातात दाणे द्यायचा.

"काका, हे काय व्हय?"

"तूर."

"हरभरा आहे, काका."

असं चाले. काका हरभऱ्याला तूर म्हणत, तुरीला मूग म्हणत, आणि एक दिवस त्यांनी वाटी ढकलून दिली. "मी काय बालवाडीतला पोरगा आहे काय बे? उद्यापासून नको येऊ." जाताना दीपक काकूंना दारात म्हणाला, "काकू, नस जागी होईन, पण तिले रोज हाका माराव्या लागतीन. सोडून दिलं तर हात असाच राहीन."

काकू तशाच मोरीत आल्या, साबण खाली ठेवला आणि मला राखेनं घासघासून धुतलं. कपाटातून त्यांचा मुलगा शंतनु यानं पुण्याहून आणलेलं शेवटचं पाकीट काढलं, माझ्यावर तंबाखू पसरली, वर पाणी शिंपडलं आणि मला उन्हात ठेवलं. त्या वासानं काका आतून उठून आले.

"ओढायले देतेस काय?"

"ओढायची नाही. फक्त सांगायचं, वाळली का नाही. हरभऱ्याची ओळख नसन तुमच्या बोटाले, हिची तर आहे ना?"

काका खुर्ची ओढून बसले.

पहिले काही दिवस तर काका सरळ लबाडी करत. रंग पाहून सांगायचे, म्हणून काकूंनी डोळ्यांवर पंचा बांधला. मग कानानं ओळखायचे. करकर ऐकू आली की "वाळली" म्हणत आणि विजयी मुद्रेनं बसत. ओली असली की मात्र फसत. आवाज नाही, रंग नाही, फक्त बोटं, आणि बोटं मुकी. मी खालून ओरडून सांगत असे की अहो, ओली आहे, गार आहे. कोणाला ऐकू जाणार?

"वाळली," काका म्हणायचे.

"नाही हो," काकू हळूच म्हणायच्या. इतकी वर्षं पाहून त्यांनाही चिमूट कळू लागली होती. मग काका पंचा काढून सातपुड्याकडे तोंड करून बसायचे. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा पाणी शिंपडायच्या. सारा हिवाळा असाच गेला.

मग एके दिवशी फाल्गुनातल्या कडक उन्हाची दुपार होती. काकूंनी माझ्यावरची तंबाखू वरून चाचपली, झाली आज म्हणाल्या आणि मला काकांच्या हाताखाली सरकवलं. कोकिळाबाई भांडी पुसत होत्या. काकांचे डोळे बांधलेलेच होते. त्यांची बोटं नेहमीसारखी वरवर न फिरता पार तळाशी, माझ्यापर्यंत आली. त्यांनी चिमूट दाबली. सोडली. परत दाबली.

"ओली."

"नाही, वाळली आज. मी पाह्यली ना."

"शरयू, वरची वाळली असन. खालची ओली आहे. गार लागून राह्यली मले."

काकूंचा हात थांबला. त्यांनी तंबाखू बाजूला सारली. तळाशी एक गठळी माझ्या अंगाला चिकटून बसली होती. काकूंनी ती फोडली. आत ओल होती. ती तिथेच आहे हे मला सकाळपासून ठाऊक होतं.

काकू खाली जमिनीवरच बसल्या.

"अजून एकदा सांगा."

"काय सांगू? ओली आहे."

"अजून एकदा."

"अगं, किती वेळा? ओली, ओली, ओली." काकांचा आवाज चिडल्यासारखा येत होता आणि पंच्याखालून पाणी वाहत होतं. कोकिळाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "देवा, लोकं वाळलं म्हून खूश होतात, अन् हे दोघं ओल्याले रडून राह्यले." इतक्या दिवसांनी माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

संध्याकाळी काकांनी स्वतः कोकिळाबाईंना सांगितलं की उरलेली सगळी तंबाखू लिंबाच्या आळ्यात टाका. "ओढायची हौस फिटली," म्हणाले. दीपकला बोलावणं गेलं, आणि तो काही न विचारता आला. सगळी बोटं अजून जागी झालेली नाहीत, करंगळी बधिरच आहे, पण काका घरभर हात लावत सुटले आहेत. दोरीवरचा सदरा ओला, मीठ ओलं, पायपुसणं ओलं. काकू वैतागतात आणि दर वेळी खरंच का म्हणून विचारतात.

माझ्यावर आता काही नसतं. मला परत मोरीत धाडू नका, एवढंच तुमच्यामार्फत काकूंना सांगणं आहे. या कट्ट्यावर मी सुखात आहे. दुपारी ऊन माझ्यावर येतं, काका जाता जाता थांबतात, माझ्या पाठीवर उजवा हात टेकवतात आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "तापली."