वहीत काट मारलेला पंप

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे, मित्रांनो. तिवस्याच्या सुभद्राबाईंच्या पाठीवरून मी वांग्या-मिरच्यांचे किती तरी वाफे पाहिले. पण माझा सारा जीव पोटातल्या चामडी वायसरात. ते झिजलं की औषध गळून थेट माणसाच्या पाठीवर येतं.

हे वायसर मिस्त्री कुर्बानभाई हाताने कापत, एरंडेलात भिजवत आणि बसवलं की पंपाच्या बुडाला खिळ्याने तारीख कोरत. माझ्या बुडावर आहे जून २००५.

दीड वर्षाने कृषी केंद्राचे किसनराव त्यांना म्हणाले, "पुढच्या हंगामाले कारखान्याचंच वायसर घेतो. तुमचं किती टिकते, ते कागदावर दाखवा." कुर्बानभाईंचं पोटच त्या वायसरांवर होतं.

त्यांची लेक गुलनार अमरावतीला संख्याशास्त्र शिकत होती. तिने बापाच्या दुकानातली नोंदवही काढली. माझ्यासकट त्याच जूनमध्ये वायसर बसवलेले सोळा पंप. सहा तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात बिघडून परत आलेले. उरलेल्या दहांची दुसरी, म्हणजे बिघडून परत आल्याची तारीखच नव्हती, म्हणून तिने त्यांच्यावर काट मारली. सरासरी निघाली चार महिने! बापाचा चेहरा उतरला. मलाही फार लागलं. त्याच सकाळी मी चार टाक्या फवारल्या होत्या.

पण ते दहा गेले कुठे, हे गुलनारच्या डोक्यातून जाईना. शोधत शोधत ती आधी आमच्याच वाडीत, सुभद्राबाईंकडे आली.

"मावशी, हा पंप अजून चालून राहिला?"

"मंग? बिघडला असता तं तुह्या बापाकडे आणला नसता का?"

गुलनार खुदकन हसली. दुकानात येतात ते बिघडलेलेच; चांगले येतील कशाला? तिने वहीत लिहिलं, 'अठरा महिने, चालू.' आणखी आठ तसेच सापडले. एक नवव्या महिन्यात चोरीला गेला होता. तोवर तो चालूच होता, म्हणून त्याचे नऊ महिनेही तिने धरले. मग महिन्यामागून महिना मांडला. तोवर चालू असलेले किती, त्यांतले बिघडले किती. आणि वही किसनरावांपुढे ठेवली.

"मग निम्मे कवा जातात?" किसनरावांनी विचारलं.

"ते अजून माहीतच नाही, काका. दीड वर्ष झालं, निम्मे तर गेलेच नाही."

किसनरावांनी वहीतल्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यांच्या ओळींवर बोट ठेवलं. "कुर्बानभाई, वायसर पाठवा. पण पाचव्या महिन्याच्या आत हरेक पंप तपासाचा."

माझंही वायसर एक दिवस जाईल, मित्रांनो. पण जो परत आला नाही, त्याच्यावर लगेच काट मारू नका. आधी त्याच्या वाडीत जाऊन बघा. तो कामात असेल.